मद्याचा कारखाना आणि मुले

तोआ पायोह येथील कुटुंबे सुटीत परदेशी निघतात, तेव्हा प्रवासाच्या कार्यक्रमात मद्याचा कारखाना पाहणेही हल्ली असते. मुलांना तेथे न्यावे काय? मॉरिशसमधील शामारेलचे उदाहरण घ्यावे. २००८ साली सुरू झालेल्या तेथील कारखान्यात उसाच्या ताज्या रसापासून रम करतात. आंबलेला रस तापविला की ७८ अंशांवर उकळणारा मद्यार्क पाण्यापेक्षा अधिक सहज वाफ होऊन निघतो व थंड होताच गळू लागतो. हे विज्ञान मुलांनी अवश्य पाहावे.

परंतु याच बेटावरील उसासाठी १८३४ पासून गिरमिटिये मजूर आणले गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. म्हणून आधी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवावा. त्याच्या १६ पायऱ्या चढूनच आपल्यासारख्यांच्या पूर्वजांनी त्या भूमीवर पाऊल ठेविले. मलायातील रबराच्या मळ्यांवर ताडीची दुकाने होती. मजुराच्या घामाचा पैसा तेथेच जाई व घरी मुले उपाशी राहत, हेही सांगावे. कारखाना त्यानंतर पाहावा, आणि चव घेण्याच्या दालनाशी पोहोचताच वडीलधाऱ्यांनी मुलांसह माघारी फिरावे. उपदेशापेक्षा हे आचरणच त्यांच्या ध्यानात राहील.