माप राखणारे प्लॅस्टिक : पॉलिअ‍ॅसिटल

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेले श्रीपेरुंबुदूर रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आता त्याच्या परिसरात मोठे कारखाने उभे आहेत. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ साली ह्युंदाई मोटारींचे उत्पादन सुरू झाले. मोटारीच्या दाराचे कुलूप, काच वरखाली करणारी यंत्रणा, इंधनाचा पंप यांत लहान दंतचक्रे व सरकते भाग असतात. एके काळी असे भाग बहुधा धातूचे असत. आता सामान्यतः त्यांपैकी अनेक पॉलिअ‍ॅसिटल या प्लॅस्टिकचे करतात.

प्रयोगशाळेत मृत प्राणी ज्या द्रवात राखून ठेवतात, त्यातील फॉर्माल्डिहाइडापासूनच हे प्लॅस्टिक बनते. त्याचे रेणू एकमेकांस जोडले गेले, की कार्बन व ऑक्सिजन यांच्या अणूंची लांब साखळी तयार होते. जर्मन रसायनज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२०नंतरच्या दशकात तिचा अभ्यास केला. परंतु उष्णता लागताच विणलेल्या कापडाचा धागा उसवावा तशी ही साखळी टोकापासून सुटू लागे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या रसायनज्ञांनी साखळीची टोके बंद करून हा दोष दूर केला, व १९६० साली हे प्लॅस्टिक बाजारात आले.

या साखळ्यांना फाटे नसल्यामुळे त्या एकमेकींस लागून दाट बसतात. म्हणून पदार्थ ताठ, गुळगुळीत व चिवट होतो. त्याची घनता पोलादाच्या पंचमांशाहूनही कमी असते. वंगण नसतानाही त्याची चक्रे सहज फिरतात. नायलॉन हवेतील पाणी शोषून फुगते; पॉलिअ‍ॅसिटल फारच थोडे शोषते. समुद्रकाठच्या दमट हवेत या गुणाचे मोल कळते. दाते किंचित जरी फुगले, तरी चक्र अडते आणि कुलूप उघडत नाही.

तथापि अचूक माप आपोआप मिळत नाही. सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळणारा हा पदार्थ साच्यात थंड होताना साधारण २ टक्के आकसतो. ५० मिलिमीटरांची चकती ४९ मिलिमीटरांची होते. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. उष्णता प्रमाणाबाहेर गेल्यास पदार्थ विघटित होऊन डोळे झोंबवणारा फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. यास्तव तापमानावर लक्ष व कारखान्यात खेळती हवा आवश्यक असते. तीव्र अम्ले, क्लोरीन व प्रखर ऊन यांपुढे पॉलिअ‍ॅसिटल टिकत नाही. अशा ठिकाणी दुसरा पदार्थच निवडावा लागतो.