सवाल ४० ग्रॅमचा!

मे महिन्यातली दुपार. जालन्यात ४२ डिग्री. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि माझा मावसभाऊ गच्चीखालच्या खोलीत बसून एका वाकड्या लाकडी पट्टीकडे असा बघतोय, जणू कालच ब्रेक-अप झालाय!

दादा इथल्या एका रोलिंग मिलमध्ये अकाउंट्स बघतो. जालना म्हटलं की स्टील, बियाणं आणि मोसंबी. त्यात गिटार कुठून आली? तर कॉलेजच्या दिवसांपासून. तेव्हा हॉस्टेलवर दर तिसऱ्या खोलीत एक गिवसन किंवा हॉबनर असायचीच. नोकरी लागल्यावर बहुतेकांच्या गिटारी माळ्यावर गेल्या. दादाची मात्र डोक्यात गेली. दोन वर्षं पैसे साठवून त्यानं ठरवलं, की गिटार विकत घ्यायची नाही, बनवायची!

लाकूड वखारीतून मिळालं. पाठ आणि पुढची पाटी जमली. गाडी अडली ती बाजूंवर. बाजू म्हणजे पुढच्या आणि मागच्या पाटीला जोडणारी, कमरेत वळलेली ती पट्टी. साधारण ८० सेंटिमीटर लांब, १२-१३ रुंद. एकाच लाकडाची केली तर जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि वाकवताना किंवा पुढे उन्हाळ्यात ती तडकायची भीती. मराठवाड्याची हवा लाकडाला फार छळते. मेमध्ये कोरडी ठक्क, जुलैत दमट. म्हणून दादानं दोन पातळ थर एकमेकांना चिकटवून बाजू करायचं ठरवलं. बाहेर शिसव, आत सागवान. हा काही गरिबीतला जुगाड नाही बरं का! ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांच्या गिटारी जॉन विल्यम्ससारखा वादक वाजवतो, आणि त्यांच्याही बाजू थर चिकटवूनच केलेल्या असतात. अशी बाजू ताठ राहते, आकार धरून ठेवते.

म्हणजे चिकटवलेलं टिकलं तर!

गल्लीतल्या सुतारचाचांनी दीड-दीड मिलिमीटरच्या पट्ट्या रंधून दिल्या. दादानं त्या ओल्या करून गरम पाइपवर वाकवल्या, वाळवल्या आणि सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद लावून प्लायच्या साच्यात आवळल्या. दुसऱ्या दिवशी बाजू काढली, एकदम झकास. संध्याकाळपर्यंत तिची कंबर बोटभर उघडली. दोन दिवसांनी ती दाखवायला म्हणून मित्राकडे नेली आणि दुपारभर कारच्या मागच्या सीटवर राहिली. परत बघितली तर दोन्ही थर एकमेकांवरून सरकलेले! कडेला चक्क पायरी तयार झालेली.

"काय करू राहिला दादा तू? दोन रुपये वाचवायला शिसवाची पट्टी घालवली ना!" मी म्हटलं. तो काही बोलला नाही. पट्टी महाग होती. चाचांची दोन दिवसांची मेहनत वेगळीच.

आता गोंदाला दोष द्यायचा का? मुळीच नाही. काम चुकीचं दिलं होतं त्याला. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पातळ पट्टी ते पिते, फुगते आणि नंतर वाळताना आकार सोडते. शिवाय वाळल्यावरही हा गोंद एक प्रकारचं मऊसर प्लॅस्टिकच असतो. टेबलाच्या सांध्यात त्यानं काही बिघडत नाही. पण वाकवलेली पट्टी सरळ व्हायला रात्रंदिवस ढकलत असते, आणि तो ताण सोसताना गोंद हळूहळू सरकतो. ऊन लागलं की आणखी वेगानं. मेमधल्या बंद कारमध्ये ६० डिग्री सहज होतात, आणि तेवढ्यात तो नरम पडायला लागतो. गिटार दुरुस्त करणारे लोक असा सांधा उघडायला मुद्दाम उष्णताच देतात.

मला आठवण झाली मिरजेची. तिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारी बनवू लागले, आणि गाव 'सतारमेकरां'चं झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. जुने कारागीर वापरायचे तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद. वाळला की कडक, सरकायचं नाव नाही. आणि दुरुस्तीच्या वेळी ऊब आणि पाणी दिलं की सुटतो. वाद्याला आणखी काय हवं? पण गोची अशी, की सरस गरम लावायचा आणि थंड व्हायच्या आत दाबायचा. छोट्या सांध्याला ठीक. ८० सेंटिमीटरच्या पट्टीवर एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गोठलेलं! शिवाय पावसाळ्याचा ओलावा त्याला मानवत नाही.

मग चाचांनीच आयडिया काढली. उरलेल्या तुकड्यांचे छोटे नमुने करायचे, प्रत्येकाला वेगळा गोंद, वाकवून बांधायचे आणि कारच्या डॅशबोर्डवर ठेवून द्यायचे. मराठवाड्यात ओव्हन कशाला हवा?

चार दिवसांनी निकाल. सनमायका लावायचा तो पिवळा रबरी गोंद सगळ्यात आधी गेला. तो वाळला तरी रबरच, सरकणारच. पांढऱ्याचं माहीतच होतं. प्लायवुड कारखान्यात वापरतात ती युरिया फॉर्मल्डिहाइडची पावडर मात्र टस की मस झाली नाही. कडक होते, सरकत नाही, लावायला वेळही भरपूर देते. वासाचा त्रास म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, मास्क हवा. किलोच्या भावात ही स्वस्तही पडते. पण दादाला मिळत होती ती मोठ्या गोणीत, आणि उघडलेली पावडर फार दिवस टिकत नाही. शिल्लक राहिला तो दोन भाग मिसळायचा इपॉक्सी, आपल्याकडे सगळे ज्याला अराल्डाइट म्हणतात तो. पाणी नाही, म्हणून पट्टी फुगत नाही. अति उन्हात तोही थोडा नरमतो, पण डॅशबोर्डवर आकार धरून राहिला.

"महाग आहे ना पण," दादा कुरकुरला. अकाउंट्सवाला शेवटी! मग आम्ही कॅल्क्युलेटर काढला. दोन बाजू, प्रत्येकी एक थर, मिळून ०.२ चौरस मीटर. चौरस मीटरला २०० ग्रॅम धरले तर लागतात फक्त ४० ग्रॅम! किलोचा भाव बघून आपण घाबरतो, आणि लागतो चहाच्या कपात तळाला राहील एवढा. वाया गेलेल्या एका पट्टीत असे कितीतरी डोस आले असते.

तुम्हालाही हा किडा चावला असेल, तर थोडं ऐका. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी नको. साचा आवळेपर्यंत तो दगड होतो आणि उन्हात कच्चाही पडतो. हळू सुकणारा घ्या. तरी मेमध्ये तोही घाई करतो, तापमान दहा डिग्री वाढलं की वेळ जवळपास निम्मा. म्हणून काम पहाटे. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या जरा आधी अॅसिटोननं पुसा. ताईचं नेलपॉलिश रिमूव्हर पळवू नका, त्यात बऱ्याचदा तेलं असतात! हातमोजे घालाच. आणि शिकंजा जीव खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर आला तर आत राहणार काय?

दुसऱ्या प्रयत्नाला आम्ही तिघं पहाटे पाचला जमलो. चाचांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. साच्याभोवती त्या ताणून गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा, क्लॅम्पची गरजच कमी. दादा गोंद पसरत होता, मी घड्याळ बघत होते, चाचा गुंडाळत होते. अठरा मिनिटांत काम तमाम.

एक दिवस साच्यात. बाहेर काढल्यावर दादानं ती कागदावरच्या आकारावर ठेवली. कंबर दोन मिलिमीटर उघडली होती, बस. तेवढं पाटी चिकटवताना दाबून जुळतं.

मग तो उठला, किल्ली घेतली आणि बाजू नेऊन कारच्या मागच्या सीटवर ठेवली. दुपारचा एक वाजला होता.

"चारला बघू," म्हणाला, आणि आम्ही जेवायला बसलो.