धूर शेतातला, घाव हृदयावर

ऑक्टोबरच्या अखेरीस पंजाब व हरियाणातील भाताची कापणी अंतिम टप्प्यात येते. वारा वायव्येकडून वाहू लागतो, रात्रीचे तापमान उतरते आणि जमिनीलगतची थंड हवा जागच्या जागी साचून राहते. पाहता पाहता दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या साऱ्या राजधानी क्षेत्रावर राखाडी धुरके पसरते. हवा गुणवत्ता निर्देशांक 400 ओलांडून 'गंभीर' श्रेणीत जातो, शाळा बंद ठेवाव्या लागतात, बांधकामे थांबवली जातात. नोव्हेंबर 2019 मध्ये तर तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याची वेळ आली होती.

अशा दिवसांत चर्चा होते ती खोकल्याची, दम्याची आणि डोळ्यांच्या चुरचुरीची. हृदयाचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणामुळे जगभरात झालेल्या सुमारे 42 लाख अकाली मृत्यूंपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू हृदयविकार व पक्षाघाताचे होते. प्रदूषित हवा नाकावाटे शिरते, पण तिचा सर्वांत मोठा घाव हृदय व रक्तवाहिन्यांवर बसतो.

धूलिकण हृदयापर्यंत कसे पोहोचतात?

हवेतील ज्या कणांचा व्यास 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, त्यांना 'पीएम 2.5' म्हणतात. माणसाचा केस त्यांच्या सुमारे पंचवीसपट जाड असतो. नाकातील केस व घशातील चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे दाह निर्माण होतो आणि दाहजनक द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण थेट रक्तप्रवाहातही जाऊ शकतात.

पुढील परिणाम काही तासांतच दिसू लागतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल बिघडतो. निरोगी माणूस हा ताण बहुधा निभावून नेतो. परंतु ज्याच्या हृदयवाहिन्यांत आधीच मेदाचे थर साचले आहेत, त्याच्या बाबतीत असा थर फुटून गुठळी होण्यास एवढे निमित्त पुरते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो. त्यामुळे अरुंद वाहिनीतून येणारे रक्तही प्राणवायूने तोकडे पडते.

भारतीय मानकानुसार पीएम 2.5 चे चोवीस तासांचे प्रमाण प्रति घनमीटर 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा अवघी 15 मायक्रोग्रॅम आहे. हिवाळ्यातील वाईट दिवसांत दिल्लीत हेच प्रमाण कित्येक शेकड्यांवर जाते.

शेतीचा वाटा किती?

दिल्लीच्या हवेचा सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. वाहने, कारखाने, औष्णिक वीज केंद्रे, बांधकामांची धूळ व कचरा जाळणे हे स्रोत वर्षभर चालू असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या 'सफर' प्रणालीच्या अनुमानांनुसार पेंढ्याच्या धुराचा वाटा रोज बदलतो. एखाद्या दिवशी तो नगण्य असतो, तर आगींची संख्या व वाऱ्याची दिशा जुळून आली की दिल्लीतील पीएम 2.5 पैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग याच धुराचा असतो.

शेतकरी पेंढा जाळतो त्यामागे वेळेची कोंडी आहे. भूजल वाचवण्यासाठी 2009 मध्ये पंजाब व हरियाणात भाताची लवकर लावणी करण्यास कायद्याने बंदी आली. त्यामुळे कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी जेमतेम दोन-तीन आठवडे हाती राहू लागले. कंबाइन यंत्र मागे सोडते तो पेंढा हटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आगकाडी! पण हा स्वस्तपणा फसवा आहे. एक टन पेंढा जाळल्यास सुमारे 3 किलो धूलिकण व 60 किलो कार्बन मोनॉक्साइड हवेत जातो. त्याच एका टनात साधारण 5.5 किलो नत्र, 2.3 किलो स्फुरद, 25 किलो पालाश व 1.2 किलो गंधक असते. त्यातील नत्र जवळजवळ सर्वच उडून जाते.

हॅपी सीडरने उभ्या धसकटात थेट गहू पेरणे, पेंढ्याच्या गाठी बांधून उद्योगांना पुरवणे आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले बुरशीयुक्त 'पूसा डिकंपोझर' वापरणे हे पर्याय आज उपलब्ध आहेत. डिकंपोझरला पेंढा कुजवण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणूनच लवकर पक्व होणाऱ्या भातवाणांची जोड त्याला द्यावी लागते.

'जाळून नष्ट करावे' या सल्ल्याचा पुनर्विचार

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू शकेल. परंतु उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडेही जळतात. दिल्लीला धूर शेकडो किलोमीटरवरून पोहोचतो. इथे तो बांधालगतच्या वस्तीत, तासाभरात घरात शिरतो. त्या घरात कोणी रक्तदाबाचे रुग्ण असतात, कोणाची अँजिओप्लास्टी झालेली असते. आग लावणारा स्वतः सर्वांत दाट धुरात उभा असतो.

यात कीटकशास्त्राचीही जबाबदारी आहे. 'किडग्रस्त अवशेष गोळा करून जाळून नष्ट करावेत' हे वाक्य जुन्या शिफारशींत सर्रास आढळते. गुलाबी बोंडअळीच्या सुप्तावस्थेतील अळ्या न उमललेल्या बोंडांत व सरकीत दडून राहतात. त्यामुळे पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर साठवू नयेत, हे तत्त्व आजही योग्यच आहे. त्यासाठी आगच लागते असे मात्र नाही. फरदड न घेता हंगाम वेळेत संपवणे, शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे खाऊ घालणे, श्रेडरने पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करणे किंवा ब्रिकेट निर्मितीसाठी देणे, हे मार्ग अळीचे जीवनचक्र तोडतात. ढीग नीट तापला तर त्यातील अळ्या तगत नाहीत. याउलट शेतात पसरलेल्या आगीचा ताप जमिनीत फार खोल जात नाही. पृष्ठभागावरील कोळी व भक्षक भुंगेरे मात्र होरपळतात.

उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवून त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. त्यामुळे ओल टिकते व तणही आटोक्यात राहते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावात काय सांगावे?

• हृदयरुग्ण, रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण, वृद्ध आणि गर्भवती यांनी जळत्या शेतापासून दूर राहावे; धूर असताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात.

• हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचतो. फिरणे व कष्टाची कामे ऊन वर आल्यावर करावीत.

• रुमाल किंवा उपरणे सूक्ष्म कण अडवत नाही. धुरात जाणे अटळ असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. मास्कमुळे धाप लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

• रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

• बंद खोलीत शेगडी वा शेकोटी पेटवू नये.

• छातीत दडपण, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम किंवा अचानक धाप ही लक्षणे दिसताच, 'धुरामुळे होत असेल' असे म्हणून वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अवशेष व्यवस्थापनाच्या बैठकीत जमिनीचा सेंद्रिय कर्ब, खताची बचत आणि दंडाची तरतूद हे मुद्दे नेहमी मांडले जातात. त्यांच्या जोडीला गावातील आरोग्यसेविकेला बोलावून हृदयाचा मुद्दाही मांडावा. कर्ब वाढल्याचे दिसायला काही हंगाम जावे लागतात. घरातील आजारी माणसाला धुराचा त्रास मात्र त्याच संध्याकाळी होतो. हे एकदा पटले, की पेंढा आणि पाचट न जाळण्यासाठी शेतकऱ्याला दंडाची भीती घालावी लागणार नाही.