सिंगापूरच्या टायगर बाम उद्यानातील गौण शिल्पे

सिंगापूर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगत पासिर पांजांग या भागात एका टेकडीच्या उतारावर ‘हाव पार व्हिला’ नावाचे उद्यान आहे. पूर्वी ते ‘टायगर बाम उद्यान’ या नावाने ओळखले जात असे. डोकेदुखीवरील ज्या मलमाची षट्कोनी काचेची डबी भारतीय घरांतही अपरिचित नाही, त्या मलमाच्या उत्पादकाने ते १९३७ साली उभारले. एक हजाराहून अधिक पुतळे आणि सुमारे दीडशे शिल्पदृश्ये येथे दाटीवाटीने मांडलेली आहेत. सिमेंटचे कृत्रिम खडक, भडक रंग, माणसाचे मुंडके असलेला खेकडा, मत्स्यकन्यांचे तळे हे सारे पाहून अभिरुचिसंपन्न प्रेक्षक बहुधा नाक मुरडतो. हौशी प्रवासी नरकाच्या देखाव्यापाशी जाऊन हसतो व परततो. परंतु या दोघांच्याही नजरेतून जे निसटते, त्या गौण आकृतींतच या उद्यानाचा खरा इतिहास साठविलेला आहे.

उद्यानाचा कर्ता आव बून हाव आणि त्याचा धाकटा भाऊ आव बून पार हे दोघे हक्का चिनी, रंगूनमध्ये जन्मलेले. वडील वनौषधींचे वैद्य होते. ‘हाव’ म्हणजे वाघ आणि ‘पार’ म्हणजे बिबट्या. हे एवढे ध्यानात घेतले म्हणजे उद्यानात वाघ व बिबट्या यांची जी रेलचेल आहे तिचा उलगडा होतो. ती एकाच वेळी कर्त्याची स्वाक्षरी आहे आणि मालाची जाहिरातही. बून हावच्या मोटारीलासुद्धा वाघाचे तोंड बसविलेले होते. धर्मबोध आणि विक्रय यांमध्ये जी सीमारेषा आज आपण गृहीत धरतो, ती त्या व्यापाऱ्यास जाणवत असावी असे दिसत नाही.

हे उद्यान मुळात एका घराचा परिसर होता. टेकडीच्या माथ्यावर हो क्वाँग यू या वास्तुविशारदाने बून पारसाठी आधुनिक धाटणीचा प्रासाद बांधला. जपानी आक्रमणाच्या वेळी कुटुंब पांगले. बून पार १९४४ साली रंगूनमध्ये निवर्तला. युद्धात प्रासादाची दुर्दशा झाली होती, आणि युद्धानंतर परतलेल्या बून हावने तो पाडून टाकला. मुख्य वास्तू गेली, तिच्या शोभेसाठी केलेले मात्र उरले.

उद्यानातील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे नरकाची दहा न्यायालये. दाराशी बैलमुख्या आणि घोडमुख्या असे दोन द्वारपाल आहेत. आत प्रत्येक न्यायालयात एक राजा न्यायासनी बसलेला असून त्याच्या पुढ्यात लहान आकाराच्या आकृती शिक्षा भोगीत आहेत. भारतीय अभ्यासकाला येथे दोन ओळखीच्या खुणा सापडतात. पाचव्या न्यायालयाचा अधिपती यान्लुओ हा मुळात आपलाच यमराज. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराबरोबर तो चीनमध्ये गेला आणि तेथील नोकरशाहीत दहांपैकी एक न्यायाधीश होऊन बसला. दहाव्या न्यायालयाच्या राजाच्या नावाचा अर्थ ‘चक्र फिरविणारा’, म्हणजे चक्रवर्ती. तेथे मेंग पो नावाची वृद्धा जीवाला विस्मृतीचा चहा पाजते आणि मग त्याला पुनर्जन्माकडे धाडले जाते. कर्मविपाकाची कल्पना भारतीय, तिची कचेरी मात्र पूर्णपणे चिनी, असे या मिश्रणाचे स्वरूप आहे.

तथापि अधिक उद्बोधक आहे ती फलकांवरील अपराधांची यादी. चौथ्या न्यायालयात कर चुकविणारे, भाडे न देणारे आणि धंद्यात लबाडी करणारे दगडी मुसळाने कुटले जातात. पुराणोक्त नरकात भाडे थकविणाऱ्यास एवढे मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल! येथे परंपरेच्या मुखाने व्यापारी बंदरातील घरमालक व पेढीवाला बोलतो आहे. सहाव्या न्यायालयात अन्न वाया घालविणाऱ्यांच्या आणि पुस्तकांचा दुरुपयोग करणाऱ्यांच्या शरीराचे करवतीने दोन तुकडे केले जातात. ग्रंथालयातून नेलेले पुस्तक परत न करणाऱ्यांनी या दृश्यापाशी क्षणभर थांबावे. शिक्षा भोगणाऱ्यांकडून नजर काढून शिक्षा देणाऱ्यांकडे पाहिले, तर त्या दूतांच्या मुद्रेवर क्रौर्यापेक्षा नित्याचे काम उरकणाऱ्या कामगाराची निर्विकार तन्मयताच अधिक दिसते. फलकाचा मजकूर कारागिराला बांधून घालतो. दूताची मुद्रा त्याच्या हाती असते.

दुसरा मोठा समूह ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीचा आहे. वानरराज, वराहमुखी सोबती आणि पांढऱ्या घोड्यावरील भिक्षू पुन्हा पुन्हा भेटतात. हा भिक्षू म्हणजे ह्युएन त्संग. इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे आणि येथील मानी, उपकार स्मरणाऱ्या व अपमानाचा सूड घेणाऱ्या लोकांचे वर्णन करणारा तोच प्रवासी. मराठी वाचकास तो साक्षेपी साक्षीदार म्हणून ठाऊक आहे. कादंबरीने त्याला भित्रा, भाबडा आणि सदैव राक्षसांच्या तावडीत सापडणारा करून सोडले, आणि उद्यानातील शिल्पकारांनी कादंबरी अनुसरली. ऐतिहासिक पुरुष लोककथेत उतरला म्हणजे त्याचे काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडणे कठीण.

यांच्या शेजारीच स्वातंत्र्यदेवीची छोटी प्रतिकृती आणि जपानी सुमो मल्ल उभे आहेत. ते पाहून प्रेक्षक गोंधळतो. परंतु त्यांचा काळ निराळा आहे. बून हाव १९५४ साली वारला. त्यानंतर त्याचा पुतण्या आव चेंग च्ये याने आपल्या परदेश प्रवासांच्या स्मृती म्हणून निरनिराळ्या देशांचे कोपरे येथे वाढविले. म्हणजे हे उद्यान एकाच संकल्पाची निर्मिती नसून त्याला थर आहेत, आणि ते थर वेगळे करण्याचे साधन मोठ्या देखाव्यांपेक्षा या विसंगत वाटणाऱ्या मूर्तीच पुरवितात.

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. ही शिल्पे दगडाची नाहीत. लोखंडी सळ्या व तारा यांच्या सांगाड्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रंग, अशी त्यांची घडण आहे. विषुववृत्तालगतच्या पावसात रंग उडतो, गिलाव्याला तडे जातात, आतील लोखंड गंजून फुगते. त्यामुळे ती सतत दुरुस्त करावी व रंगवावी लागतात. दर खेपेस ब्रश भुवयांवरून थोडा निराळा फिरतो, एखादे बोट जाडसर होते. मोठा देखावा ओळखीचा असल्याने कसाबसा टिकतो. कोपऱ्यातल्या प्राण्याची मुद्रा मात्र एका हाताच्या सवयीने बनलेली असते, आणि ती कोणी टिपून ठेवलेली नसेल तर पुढच्या रंगाखाली कायमची जाते.

हा धोका केवळ पावसाचा नाही. १९८५ पासून उद्यानाची व्यवस्था शासकीय पर्यटन मंडळाकडे गेली आणि १९९० साली त्याचे ‘ड्रॅगन वर्ल्ड’ या नावाच्या करमणूक उद्यानात रूपांतर झाले. नौकाविहार, यंत्रांचे देखावे आणि नाट्यप्रयोग आले, प्रवेशमूल्य आले. पुढे तोटा होऊ लागला. अखेर यंत्रे काढण्यात आली, प्रवेश पुन्हा विनामूल्य झाला आणि जुने नावही परत आले. २०२१ साली नरकाची न्यायालये मृत्यूविषयक कल्पनांच्या एका संग्रहालयात समाविष्ट झाली असून त्या भागास प्रवेशशुल्क आहे. अभ्यासाच्या दृष्टीने ही सुधारणाच. परंतु उरलेले शेकडो पुतळे उघड्यावरच आहेत.

बून हावने हाँगकाँगमध्ये १९३५ साली असेच एक उद्यान उभारले होते. २००४ साली ते पाडण्यात आले. तेथील निवासस्थान जतन झाले. वास्तू म्हणून त्याचे मोल ओळखता आले, आवारातील रंगीत सिमेंटचे ओळखता आले नाही. सिंगापुरात घर पाडले गेले आणि शिल्पे राहिली, हाँगकाँगमध्ये याच्या नेमके उलट घडले. त्यामुळे या दोन उद्यानांतील कारागिरीची आकृतीगणिक प्रत्यक्ष तुलना करणे आता शक्य उरलेले नाही. जुन्या छायाचित्रांच्या आधारे जेवढी करता येईल तेवढी सिंगापूरचा पुढचा रंग चढण्यापूर्वी करून घेणे इष्ट.