सातबारा, ड्रोन आणि नोटीस

चाकण, तळवडे, भोसरी या पट्ट्यात जमिनीचा व्यवहार निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘सातबाऱ्यावर शेरा आहे का?’ इतर हक्कांच्या रकान्यात संपादनाची एक ओळ पडली, की पुढे ना गिऱ्हाईक येते, ना बँक कर्ज देते. कसणारा तोच असतो, पण जमीन त्याची उरलेली नसते.

ही ओळ कशी पडते, ते महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ मध्ये आहे. आधी नोटीस: जमीन का घेऊ नये? मग म्हणणे ऐकून घ्यायचे. त्यानंतर राजपत्रात अधिसूचना निघाली, की जमीन बोजारहित सरकारची होते. नोटिशीनंतर ३० दिवसांत ताबा दिला नाही, तर बळाचा वापर करता येतो. म्हणजे खातेदाराची खरी संधी पहिल्या नोटिशीपाशीच असते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तो अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला. उलट २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण मूलभूत हक्क ठरवले. एक हक्क खाली उतरला, दुसरा वर चढला. आधार मात्र दोन्हींना प्रक्रियेचाच. खासगीपणात शिरायचे तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या प्रमाणातच पाऊल हवे. संपादनाबाबत त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सात गोष्टी सांगितल्या. त्यांत नोटीस, सुनावणी आणि सकारण निर्णय आरंभीच आहेत.

आता मोजणी बदलली आहे. मोजणीदार यायचा तेव्हा लगतच्या खातेदारांना आधी नोटीस मिळे, बांधावर हरकत घेता येई. ड्रोन एका फेरीत अंगण, विहीर, पत्र्याची शेडही टिपतो. यंत्र मुळात वाईट नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत गावठाणाची ड्रोन मोजणी प्रथम करून पाहिली गेली. २०२० च्या स्वामित्व योजनेने ती देशभर नेली. ज्या घरांना कागद नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका मिळू लागली. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकण परिसरात होणार होता, नंतर तो पुरंदरला गेला. मे २०२५ मध्ये तिथे ड्रोन मोजणीला गावकऱ्यांनी विरोध केला आणि लाठीमार झाला. तालुका तोच, यंत्रही तेच. पहिल्या मोजणीतून हातात कागद येणार होता, दुसरीतून जमीन जाणार होती.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने सूट देऊ शकते. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलून व्यक्तिगत माहिती नाकारणे सोपे केले. सरकारला आपण अधिक दिसणार, आपल्याला सरकार कमी. म्हणून आपल्या आळीत मोजणी आली, तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणत्या कायद्याखाली, कशासाठी, आणि टिपलेले चित्र कोणाकडे, किती काळ राहणार. उत्तर मिळो न मिळो, अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी. सुनावणीच्या दिवशी तीच उपयोगी पडते.