सोबतीशिवाय न वाढणारे

अमेरिकेतल्या वुड्स होल इथे मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत दर उन्हाळ्यात सूक्ष्मजीवांच्या विविधतेचा अभ्यासक्रम भरतो. १९७१ मध्ये होल्गर यानाश यांनी तो सुरू केला. पीएचडी करणारे विद्यार्थी तिथे जवळच्या सिपेविसेट खाजणातला चिखल उपसतात, त्यातले जीव वाढवतात आणि ताज्या संशोधनावर चर्चा करतात.

चर्चेसाठी मोठा वाद तयारच आहे : पृथ्वीवर सूक्ष्मजीवांच्या प्रजाती किती? २०१६ मध्ये लोसी आणि लेनन यांनी गणिती नियमांवरून १ लाख कोटींचा अंदाज दिला. २०१९ मध्ये लूका आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या नोंदी तपासून जिवाणू व आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय, पण वेगळ्या शाखेचे जीव) मिळून ८ ते १६ लाखच गट निघतील असे म्हटले. मोजण्याच्या रीती वेगळ्या, म्हणून तफावत प्रचंड. मला मात्र यापेक्षा मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : यांतले बहुतेक जीव प्रयोगशाळेतल्या बशीत का वाढत नाहीत?

एक उत्तर त्या खाजणातच आहे. भरतीच्या डबक्यांत तळाशी गुलाबी दाणे पडलेले असतात, बरेचसे काही मिलिमीटरचे. दाण्यातले जांभळे जिवाणू प्रकाशाच्या बळावर सल्फाइड वापरतात आणि सल्फेट तयार होते. शेजारचे दुसरे जिवाणू त्याच सल्फेटचे पुन्हा सल्फाइड करतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गंधकाच्या जड समस्थानिकाचा माग काढून ही देवाणघेवाण दाखवली गेली. गंधकाचे अख्खे चक्र एवढ्याशा दाण्यात फिरते! यातला एकच जिवाणू वेगळा काढून बशीत ठेवला, तर शेजाऱ्याकडून मिळणारा त्याचा पुरवठा तुटतो.

जपानी संशोधकांची चिकाटी याच संदर्भात सांगायला हवी. सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळावरचा गाळ त्यांनी २००६ मध्ये आणला, स्पंज भरलेल्या टाकीत मिथेन सोडत वर्षानुवर्षे जोपासला, आणि तब्बल १२ वर्षांच्या खटपटीनंतर असगार्ड गटातला एक आर्किया संवर्धनात वाढवून दाखवला. वनस्पती-प्राण्यांच्या पेशींचे सर्वांत जवळचे ज्ञात नातलग याच गटात आहेत. संवर्धनातला हा आर्किया दुप्पट व्हायलाच १४ ते २५ दिवस घेतो. तोही वाढला तो मिथेन बनवणाऱ्या आर्कियाच्या सोबतीने. याने सोडलेला हायड्रोजन तो सोबती वापरून टाकतो, म्हणून याचे पोषण चालू राहते.

डीएनएवरून नावांची यादी झपाट्याने लांबते आहे. कोण कोणाच्या आधाराने जगतो, हे शोधायला मात्र अजून जोड्या जुळवत, चिखल जोपासत बसावे लागते.