यादीत नाव कोणाचं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एसएलएस क्रीडांगणावर कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या तिसऱ्या विभागातला एक साखळी सामना झाला. विजया क्रिकेट क्लबकडून बापलेक एकत्र खेळले. मुलगा अन्वय याने ५८ धावा काढल्या, बाप आठ चेंडूंत १० करून परतला. हा बाप म्हणजे १६४ कसोट्या आणि १३,२८८ धावा नावावर असलेला राहुल द्रविड. पुढच्याच महिन्यात राजस्थान रॉयल्सच्या सरावाला तो कुबड्या घेऊन आला. क्लबकडून खेळताना पायाला दुखापत झाली होती. वयाच्या ५२व्या वर्षी तिसऱ्या विभागात जो जीव तोडून धाव घेतो, त्याला क्लब क्रिकेटची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

याच शहराच्या पश्चिमेला राजाजीनगर आहे. १९४९ मध्ये वसवलेल्या या भागाला सी. राजगोपालाचारींचं नाव दिलं गेलं. शेजारी औद्योगिक उपनगर, आणि तिथे १९४६ मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी. मराठी वाचकाला हा पत्ता ओळखीचा वाटतो तो तिच्यामुळे. अशा कामगार वस्तीतल्या पोराला राज्य संघाच्या निवड समितीपर्यंत पोहोचवणारं कोणी घरात नसतं. शाळेचा संघ, मग क्लब, मग खालचा विभाग, मग वरचा, अशी त्याची वाट असते. पोलिओने अधू झालेल्या हाताचा भागवत चंद्रशेखर असाच सिटी क्रिकेटर्स या क्लबातून पुढे आला.

या वाटेचं मोल मुंबईला मार्च १९७४ मध्ये कळलं. सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणारी मुंबई बेंगळुरूत उपांत्य सामना हरली. प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, पाय घसरल्याने वाडेकर धावबाद झाला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर कर्नाटक अंतिम फेरीत गेलं. तिथे राजस्थानला हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद मिळवलं. मुंबईची ताकदही क्लबांचीच होती. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची साखळी १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी रुतून थांबतो. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखान्याच्या लढतींना माटुंग्या-दादरची माणसं छत्र्या घेऊन उभी राहत. खालच्या विभागातला संघ जिंकून वर चढतो, वरचा हरून खाली येतो. ही चढउतार आहे म्हणूनच शेवटच्या विभागातल्या सामन्यालाही अर्थ राहतो.

पण संघ समोरासमोर आले की पहिला प्रश्न नियमांचा येतो. कबड्डीचंच पाहा. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा बाद झालेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. आपल्या गल्लीत खेळायचं तोवर यातलं काहीही चालत होतं. पाहुणा संघ आला की हुज्जत ठरलेली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले, तर बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. आपल्या मातीतले हे दोन्ही खेळ देशभर गेले ते या बांधणीमुळे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

मैदानातले नियम ठरले, तरी संघात कोण उतरणार हा जास्त नाजूक प्रश्न उरतो. पुरुष कबड्डीत ८५ किलोची मर्यादा असल्याने सामन्याआधी खेळाडू अनवाणी वजनकाट्यावर उभा राहतो. काटा किंचित पुढे सरकला तर वर्षभराचा सराव त्या दिवसापुरता वाया जातो. कठोर वाटतं खरं, पण या काट्यापुढे मोठा क्लब आणि गावचं मंडळ सारखेच असतात. वयाला असा काटा नाही. म्हणून खोटे दाखले निघतात, म्हणून मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय ताडावं लागतं. डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी व्याख्यानात द्रविडने वयचोरीवर घणाघात केला आणि तिची तुलना थेट सामनानिश्चिती व भ्रष्टाचाराशी केली. ती तुलना अतिशयोक्त मुळीच नाही. सोळा वर्षांखालच्या संघात एकोणीस वर्षांचा मुलगा घुसला की बाहेर बसतो तो खरा सोळाचा, आणि तो बहुधा पुन्हा मैदानावर येत नाही. पुढे भारतीय क्रिकेट मंडळाने १९ वर्षांखालचा विश्वचषक एका खेळाडूला एकदाच खेळता येईल असं ठरवलं. जागा अडून राहू नये, हा त्यामागचा साधा न्याय.

स्थानिक स्पर्धांत हाच अन्याय दुसऱ्या वेषात येतो. बक्षिसाची रक्कम वाढली की उपांत्य फेरीच्या आदल्या रात्री बाहेरून दोन तगडे गडी आणले जातात आणि जून महिन्यापासून सरावाला येणारी पोरं पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. आणणाऱ्याला करंडक मिळतो. क्लबाला मात्र पुढच्या वर्षी संघ उभा करता येत नाही.

नियम कधीच बदलू नयेत असं नाही. अठरा वर्षांखालच्यांना क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रवेश नव्हता. कोवळ्या सचिन तेंडुलकरसाठी राजसिंग डुंगरपूर यांनी पुढाकार घेतला आणि तो नियम बदलला गेला. मात्र हा बदल उघडपणे झाला, कोणाच्या नकळत वाट काढली गेली नाही.

राजाजीनगर असो वा राजापूर, आपल्या मंडळाच्या पुढच्या स्पर्धेत कार्यकर्त्यांनी एवढं करावं: खेळाडूंची यादी पहिल्या सामन्याआधी बंद करावी, जन्मतारखेसह मैदानावरच्या फळ्यावर लावावी आणि हरकत घ्यायला सगळ्या संघांना एक दिवस द्यावा.